अत्तरवाल्याच्या गोळ्या

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही, आणि आठवलं तरी आपल्या गोष्टीत त्याचं काही काम नाही. काम आहे ते त्याच्या राज्यातल्या एका अत्तरवाल्याचं.

हा अत्तरवाला मोठा गुणी माणूस. टोपल्याच्या टोपल्या गुलाब त्याच्या भट्टीवरच्या हंड्यात जायचे आणि शेवटी बोटाएवढ्या कुपीत उतरायचे. पण ती कुपी उघडली की अख्खी आळी चालता चालता थांबायची. हंड्यात उरलेला पाकळ्यांचा चोथा तो परसातल्या उकिरड्यावर फेकायचा आणि म्हणायचा, "सार तेवढं घ्यावं, बाकी सगळा पसारा." हे वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलं होतं, की लग्नाच्या पंगतीत बसला तरी तो ते ऐकवल्याशिवाय उठत नसे.

त्याचा एक नेम होता, वाडवडिलांपासून चालत आलेला. नवं अत्तर आधी स्वतःच्या मनगटावर लावायचं, दिवसभर अंगावर वागवायचं आणि मगच दुसऱ्याला द्यायचं. राजाचा माणूस दारात ताटकळला तरी हा नेम मोडायचा नाही.

अत्तरवाल्याची बायको केव्हाच देवाघरी गेली होती. एकुलती एक लेक, तिच्यातच त्याचा सगळा जीव. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा त्या बापाला काय करू आणि काय नको असं होऊन गेलं. पण चार दिवस जातात न जातात तोच लेकीचं अन्न तुटलं. ताट समोर आलं की तिला मळमळायचं, घास नुसता तोंडात फिरत राहायचा. गाल बसले, ओठ पांढरे पडले.

वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि एक पुडी काढून दिली.

"अंगात रक्त कमी आहे. ही मात्रा जेवणाबरोबर द्या. आणि जेवण सुरू करा, थोडं थोडं का होईना."

वैद्यबुवांनी गोष्टी दोन सांगितल्या. आपल्या अत्तरवाल्याने ऐकली एकच. जन्मभर ज्याने सार कुपीत भरलं, त्याला दुसरी ऐकू यायची तरी कशी? तो मनाशी म्हणाला, एवढ्याशा पुडीत जर बळ मावतं, तर जेवणाचा खटाटोप हवा कशाला?

मग तो कामाला लागला. राजगिऱ्याचा पाला, मेथी, आवळे, तीळ, नाचणी, सगळं त्याने आणलं. उकळलं, गाळलं, आटवलं, सावलीत वाळवलं आणि त्याच्या गोळ्या वळल्या. राणीच्या अत्तरासाठीही त्याने कधी एवढी मेहनत घेतली नव्हती. उरलेला चोथा अर्थातच उकिरड्यावर गेला.

"घे पोरी," तो म्हणाला. "मळाभर भाजी आहे यात. चावायला नको, वासही घ्यायला नको. पाण्याबरोबर गिळलीस की झालं."

लेकीला बापाच्या बोटांवरचे चटके दिसले. नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं. तिने गोळ्या गिळल्या आणि वर हसूनही दाखवलं.

त्या आळीची एक रीत होती. पोटुशी पोर माहेरी आली, की घरोघरच्या चुलीवरचं काहीतरी तिच्या तोंडी लागायचं. शेजारची माळीण भाजीची झाकलेली ताटली घेऊन आली, तर अत्तरवाल्याने तिला दारातच थांबवलं.

"वहिनी, तुमची माया कळते मला. पण तिला आता पाल्यापाचोळ्याची गरज नाही. सार मी काढून ठेवलंय."

"सार पोटात गेलं असेल, दादा. पण पोर जेवली का?"

अत्तरवाल्याने दार लोटून घेतलं. माळीण ताटली घेऊन उलट्या पावली गेली. माघारी गेलेल्या त्या भाजीचा वाससुद्धा लेकीपर्यंत पोचला नाही, कारण घरात भट्टी पेटलेली होती आणि घर गुलाबाने कोंदलं होतं.

दिवस जात राहिले. गोळ्या वाढल्या आणि लेक वाळत गेली. उठायची तर भिंतीला धरून. एका सकाळी ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, बाळ आताशा फारसं हलत नाही."

अत्तरवाला घाबरला. घाबरलेला माणूस करतो तेच त्याने केलं. जे करत होता तेच आणखी करायला धावला. पुन्हा मूठभर गोळ्या घेऊन तो आला, तेव्हा लेकीने त्याचा हात हळूच धरला.

"बाबा, रागावू नका. ह्या तुम्ही आधी मनगटावर लावून बघितल्या का हो?"

त्याने मूठ मागे घेतली. राजाच्या माणसालाही ज्या नेमासाठी ताटकळवलं, तो नेम पोटच्या पोरीच्या बाबतीत मात्र मोडला होता. मायेने त्याला घाई झाली होती, दुसरं काय?

त्याने त्याच घटकेला ठरवलं, आजचा दिवस आपणही गोळ्यांवर काढायचा. सकाळ कशीबशी गेली. सूर्य माथ्यावर आला तसे भट्टीपुढे डोळ्यांसमोर काजवे चमकले आणि भरत आलेली कुपी हातातून निसटून फुटली. तिच्याकडे न बघता तो परसात जाऊन पायरीवर मटकन बसला.

समोरच उकिरडा होता. त्याने आयुष्यभर फेकलेल्या चोथ्यावर भोपळ्याचा वेल माजला होता, पिवळ्याधमक फुलांनी लगडलेला. वेलाने सार मागितलं नव्हतं. बाकीचा सगळा पसारा खाऊन तो वाढला होता.

तेवढ्यात कुंपणापलीकडून वास आला. तव्यावरची भाकरी आणि लसणाची फोडणी. अत्तरवाल्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि का कोण जाणे, डोळ्यांनाही. असा वास त्याने कित्येक वर्षांत घेतला नव्हता. घेणार कसा? घरात तर भिंतींनासुद्धा गुलाबाचा वास मारत होता.

आणि मग त्याला लख्ख कळलं. लेकीची भूक मेली नव्हती. त्यानेच ती अत्तराखाली गाडली होती. एवढ्या तिखट नाकाच्या माणसाला एवढी साधी गोष्ट उमगायला उपाशी बसावं लागलं.

तो आत गेला, भट्टीवर पाणी ओतलं, लेकीला धरून उठवलं आणि कुंपणापलीकडे माळिणीच्या अंगणात चिंचेखाली नेऊन बसवलं.

माळिणीने कमरेवर हात ठेवले. "का हो दादा? भाजीला दारातून घालवलंत, आणि आता तिच्यामागे दोघंही आलात?"

"चुकलो, वहिनी. वाढा."

लेकीने मोकळा वारा छातीभर घेतला. भाकरीचा तुकडा मोडला, भोपळ्याच्या फुलांची भाजी त्याच्यावर घेतली आणि तोंडात घातली. बाप श्वास रोखून बघत होता. तिने तो घास चावला, गिळला आणि दुसरा मोडला. वर ताक प्यायली. त्या दिवशी तेवढंच, पण ते तिच्या पोटात राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून तिचं ताट अंगणातच मांडलं जाऊ लागलं. कुणाकडून आंबाडीची भाजी आली, कुणाकडून मुगाची उसळ, कुणी नाचणीची आंबील पाठवली. वैद्यबुवांची मात्राही ती घ्यायची, त्यांनी सांगितली तशी, जेवणाबरोबर. मात्रा तीच, पण आता अंगी लागली, कारण तिला सोबत मिळाली होती. हळूहळू ओठांवर रंग चढला. एका दुपारी लेक जेवता जेवता दचकली आणि हसत म्हणाली, "बाबा, लाथ मारली बघा." बापाने तिथेच चिंचेखाली डोळे पुसले.

यथाकाल तिला मुलगी झाली, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं रडणारी. बारशाला अत्तरवाल्याने एकही कुपी उघडली नाही. त्याने नातीच्या टाळूवर नाक टेकवलं आणि मन भरेपर्यंत वास घेतला. मग माळिणीला म्हणाला, "वहिनी, हिचं सार काही निघायचं नाही. ही अख्खीच हवी."

भट्टी पुढे पुन्हा पेटली, पण परसाच्या पार टोकाला. आणि पंगतीत बसला, की अत्तरवाला ते जुनं वाक्य न बोलता दुसरी भाकरी मागून घ्यायचा.

तात्पर्य : औषधाची मात्रा ताटाच्या बाजूला शोभते, ताटाच्या जागी नाही.