दाजीसाहेबांचे दिवे

घाटमाथ्यावर सभापती दाजीसाहेबांची गाडी वाफा ओकत थांबली. ब्रेकचे दिवे मेलेले, त्यामुळे मागचा उसाचा ट्रक डिकीपासून वीतभरावर कसाबसा थांबला. पण दाजीसाहेब तापले ते टपरीवाल्या सोपान मिस्त्रीवर. "रेडिएटरचं झाकण आत्ताच्या आत्ता उघड!"

"पाणी उकळतंय साहेब, तोंड भाजेल. गार होईस्तोवर मागचे बल्ब बदलतो."

"मला शिकवतोस? आयटीआय करून काय दिवे लावलेस रे?"

सोपाननं बल्ब बदलले आणि ड्रायव्हरला ब्रेक दाबायला सांगितलं. मागं लालभडक उजेड पडला.

"हे दोन लावले," सोपान म्हणाला. "आमच्या वस्तीत विजेचे खांब रोवून तुम्हाला पाच वर्षं झाली साहेब. तुम्ही काय दिवे लावलेत?"

ट्रकवाला खो खो हसला. तोवर रेडिएटर गार पडला होता. साहेबही.