अस्वलाची पाठ आणि सायाळीचे ‘नाही’

मोहाच्या झाडांनी भरलेल्या एका जंगलात एक सायाळ राहत असे, आणि तिच्या नशिबी एका अस्वलाची पाठ आली होती. मोहाची सारी राई त्या अस्वलाच्या ताब्यात होती. उन्हाळ्यात फुले टपटप गळत. अस्वल ती वाळवून गुहेत रास घाली आणि वर्षभर सगळ्या जनावरांना वाटे. मन मोठे होते हो त्याचे! शेवटचे हरीण जेवल्याशिवाय ते स्वतः एक फूल तोंडात टाकत नसे. सगळे त्याला लाडाने आबा म्हणत. रीत फक्त एक होती. रोज सकाळी साऱ्यांनी गुहेपुढे जमायचे, सायाळीने आपल्या गळलेल्या काट्याने आबांची पाठ खाजवायची, आणि आबा बोलतील त्यावर सर्वांनी एका सुरात “होय आबा!” म्हणायचे. भर वैशाखात आबा म्हणाले, “आज ऊन कसं गार पडलंय!” तरी घामेजलेला दरबार ओरडे, “होय आबा!”

एके सकाळी पाठ खाजवून घेता घेता आबा सुखाने डोळे मिटून म्हणाले, “पोरी, तुझा हात थकला आता. पुढच्या मोहाच्या बहराला तुझ्या लेकीला बसव इथं. जन्माची ददात मिटेल तिची.” सायाळीचा काटा पाठीवरच थांबला. लेकीला माती उकरायचा केवढा नाद! आणि कंद निघतात ते दवाने ओल्या झालेल्या मातीतून, सकाळीच, नेमके दरबाराच्या वेळी. ‘नाही’ हा शब्द सायाळीच्या जिभेवर आला. पण समोर फुलांची रास होती आणि पोटात भूक. “होय आबा,” ती म्हणाली.

लेकीने हे ऐकले आणि ती हट्टाला पेटली. आई दरबारात असताना ती रोज ओढ्याकाठी उकरू लागली. दोघींना संपेनात एवढे करांद्याचे कंद निघाले. फांदीवरून एक माकड ओरडले, “काय गं काटेबाई, लेकीचं लग्न काढलंस की काय? एवढे करांदे!” सायाळ म्हणाली, “जिभेला हाड नाही तुझ्या! घे चार तूही. पण शेंड्यावरचे आवळे टाक खाली.” ओढ्याकाठच्या सपाट दगडावर ही देवाणघेवाण झाली. दुसऱ्या दिवशी खार चारोळ्या घेऊन आली, मग ससा कोवळा पाला घेऊन आला, आणि बघता बघता दगडावर बाजार भरू लागला.

आबाही गंमत बघायला आले. तिथे सुगरण पक्ष्यांनी गवताच्या दोऱ्यात लालचुटुक गुंजांची माळ ओवली होती. आबांचा जीव तिच्यावर जडला. पाच झाडांची फुले देऊन त्यांनी ती गळ्यात घातली. “शोभते का रे?” “होय आबा!” मग पायांत गुंजांचे वाळे आले, कानांत डूल आले. गुहेतली रास सरली. सुगरणींना काही फुले खायची नव्हती. त्यांनी ती त्याच दगडावर माकडांना आणि हरणांना दिली व बदल्यात गवताचे बी घेतले. फुले तीच, पोटेही तीच. मधला आबांचा हात तेवढा गेला. मुलांनो, त्या जंगलात कोणी बंड केले नाही, कोणी साधी आरोळीही ठोकली नाही. पण गुहेपुढे आधी ससा येईनासा झाला, मग हरणे, मग माकडे.

आता तुम्ही म्हणाल, मग सायाळ सुटली! कुठली सुटतेय? ती आपली रोज सकाळी काटा घेऊन हजर. एकदा लेकीने विचारले, “आई, आबांच्या हातची फुलं आपण शेवटची कधी खाल्ली गं?” सायाळीला आठवेना. “मग जातेस कशाला?” सायाळ काटा उचलून वाटेला लागली.

मोह पुन्हा फुलला. गुंजांनी मढलेले आबा एकटेच बसले होते. “आणलीस का लेकीला?” त्यांनी विचारले. सायाळीच्या अंगावरचे काटे खुळखुळ वाजू लागले. “नाही, आबा,” ती म्हणाली आणि आभाळ कोसळेल म्हणून तिने डोळे मिटून घेतले. मोहाचे एक फूल तेवढे टपकन खाली पडले.

“काय म्हणालीस?” आबा गरजले. सवयीने त्यांनी डावी-उजवीकडे पाहिले. ‘होय’ म्हणायला तिथे कोणीच नव्हते. “ती कंद उकरेल, आबा,” सायाळ म्हणाली. “आणि मीही उद्यापासून सकाळची येणार नाही.” ती निघाली. ओढ्यापाशी पोहोचून तिने मागे वळून पाहिले, तर आबा झाडाच्या खोडावर पाठ घासत होते आणि माळ सालीत अडकत होती. किती वर्षे याच हातची फुले खाल्ली होती तिने!

संध्याकाळी ती काटा घेऊन गुहेशी आली. आबा फुरंगटून म्हणाले, “मी काही हुकूम सोडला नव्हता.”

“म्हणून तर आले,” सायाळ म्हणाली आणि पाठ खाजवू लागली.

बऱ्याच वेळाने आबांनी हळूच विचारले, “खरं सांग गं पोरी, ही माळ शोभते का मला?”

“छे! काळ्या वारुळावर तांबड्या मुंग्या चढल्यात असं वाटतं.”

आबांनी खाली वाकून माळेकडे पाहिले, मग ते पोट धरधरून हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. “अगं, मग इतकी वर्षं माझ्याशी असं खरं कोणी बोललं का नाही?”

सायाळ म्हणाली, “इतकी वर्षं आमच्या तोंडात तुमची फुलं होती, आबा.”

तात्पर्य : ज्याच्या मुठीत आपला घास, त्याच्याच मुठीत आपला शब्द. घासाच्या वाटा वाढल्या की बेडी सैल होते; पाय मात्र आपला आपणच काढून घ्यावा लागतो.