अर्ध्यावर तोडलेली प्रार्थना

एका चर्चच्या वृद्ध पाळकाजवळ, म्हणजे धर्मगुरूजवळ, एकदा एक तरुण शिकायला येऊन राहिला. त्याचं नाव शांतवन. धर्मशिक्षण पुरं झालं होतं. आता तिथल्या भाविकांच्या मंडळीत उमेदवारी करायची आणि मग स्वतः पाळक व्हायचं, असा त्याचा बेत. अंगाने अगदी काडी, पण वाणी अशी की ऐकत राहावं. तो प्रार्थनेला उभा राहिला की शब्दांना नुसता पूर यायचा. उपासना सुटल्यावर लोक त्याला थांबवून म्हणायचे, "काय सुंदर प्रार्थना केलीत!" आणि तो मान खाली घालून उत्तर द्यायचा, "सगळा गौरव देवाला." त्यातला थोडा गौरव वाटेत त्याच्यापाशीच राहत असे, ही गोष्ट वेगळी.

वृद्ध पाळक या बाबतीत अगदीच उणे. त्यांची प्रार्थना आपण डोळे मिटेपर्यंत संपते, अशी मंडळीची जुनी तक्रार होती. शांतवनलाही मनातून तसंच वाटे. एवढा ज्ञानी माणूस, पण देवाशी बोलताना इतका काटकसरी कसा, हे कोडं त्याला सुटत नव्हतं.

चर्चच्या आवारात एक जुना आड होता. तोंडाला अरुंद आणि आत खोलच खोल. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की मंडळीतली माणसं मिळून त्याचा गाळ काढत. त्या वर्षी खाली सडपातळ याकोब उतरला होता. गाळाने भरलेल्या पाट्या भराभर वर येत होत्या, थट्टामस्करी चालली होती, आणि एकाएकी आतून धडधड आवाज आला. आडाच्या बांधकामातले दगड सुटून खाली कोसळले होते.

धूळ बसल्यावर सगळे वाकून पाहू लागले. याकोब जिवंत होता, पण त्याचा पाय दगडांखाली अडकला होता. त्याच्या डोक्याच्या वर दोन मोठे चिरे आडवे अडकून बसले होते आणि त्यांच्या शेजारून जेमतेम एखादा बारीक माणूस जाईल एवढीच फट उरली होती. त्यात भर म्हणजे गाळ निघाल्याने तळाचे झरे मोकळे झालेले. ज्या पाण्यासाठी एवढी खटपट केली, तेच पाणी आता याकोबच्या कमरेपर्यंत चढलं होतं आणि वाढतच होतं.

तालुक्याला अग्निशामक दलाकडे फोन गेला. गाडी निघाली असं उत्तर आलं. पण तालुक्याचा रस्ता कसा आहे हे सर्वांनाच ठाऊक होतं. याकोबची बायको रूथबाई कठड्याला धरून ओरडत होती, "आवो, कुणीतरी उतरा ना खाली! पाणी चढतंय त्यांच्या अंगावर!"

पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. दोघे चांगले धट्टेकट्टे होते, पण त्यांचे खांदे त्या फटीतून जाणं अशक्य. बाकीचे वयस्क. मग एकेक नजर फिरत फिरत एका काटकुळ्या देहावर येऊन थांबली. शांतवनला हे त्या सगळ्यांच्या आधीच कळलं होतं.

लहानपणापासून विहिरीत नुसतं डोकावायचीही त्याला धास्ती. "आधी," तो कसाबसा म्हणाला, "आधी आपण प्रार्थना करू."

प्रार्थनेला कोण नको म्हणणार? टोप्या उतरल्या, माना झुकल्या. शांतवनने डोळे मिटले आणि सुरुवात केली. "हे दयाळू स्वर्गीय पित्या, आकाश आणि पृथ्वी यांच्या निर्माणकर्त्या, तुझी करुणा अथांग आहे, तुझे सामर्थ्य अपरंपार आहे. तांबड्या समुद्राचे पाणी तू दुभंगलेस. दानिएलाला सिंहांच्या गुहेत तू राखलेस..." मिटल्या डोळ्यांआड त्याला बरं वाटू लागलं. तिथे आड नव्हता. शब्द आपोआप येत होते आणि एका शब्दाचं बोट धरून दुसरा येत होता. खालून याकोबच्या खोकण्याचा आवाज आला, तसा त्याने स्वर जरा उंच केला. "आणि हे प्रभू, माशाच्या पोटातून योनाला ज्या तू..."

"आमेन!" वृद्ध पाळक खणखणीत आवाजात म्हणाले.

सगळ्यांनी दचकून डोळे उघडले. दुसऱ्याची प्रार्थना अशी अर्ध्यावर तोडलेली त्या मंडळीत कोणी कधी पाहिली नव्हती. शांतवनचा चेहरा लाल झाला. "पाळकबाबा, माझी प्रार्थना संपली नव्हती."

"ठाऊक आहे." पाळक दोराला फास बांधत होते, त्यांनी मान वर केली नाही. "आता कर प्रार्थना. देवाविषयी देवाला काही सांगू नकोस, ते त्याला माहीत आहे. तुझं काय ते सांग."

अपमानाने शांतवनच्या अंगाची आग झाली. काहीतरी लागेलसं बोलायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात खालून याकोबचा आवाज आला. आता तो ओरडत नव्हता. "रूथ, पोरींना सांभाळ गं."

शांतवनचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मग त्यातून जे बाहेर पडलं, ते त्याने कधी पाठ केलेलं नव्हतं. "देवा, मला भीती वाटते. मला खाली जायचं नाही. मघाशी मी बोलत राहिलो ते जावं लागू नये म्हणून. माझ्यात बळ नाही. तू दे, नाहीतर मी इथून हलणार नाही."

एवढंच. पाळकांनी दोर त्याच्या छातीभोवती आवळला, हातात पहार दिली आणि त्या दोघा धट्ट्याकट्ट्यांच्या जोडीला स्वतः दोराला हात लावला.

फटीतून जाताना त्याच्या पाठीची सालं निघाली. आडवा चिरा कुरकुरला. खाली पोचला तेव्हा पाणी याकोबच्या छातीवर आलं होतं. शांतवनने पायानेच दगड चाचपला, पहार खाली घातली आणि जोर दिला. पहार निसटली. वरून बारीक खडी त्याच्या डोक्यावर पडली. मला वर ओढा, असं ओरडायला त्याने श्वास भरून घेतला होता, पण तोंडातून निघालं, "देवा, आता!" त्याने पुन्हा सारा भार पहारेवर टाकला. दगड कलंडला आणि याकोब किंचाळला. पाय मोकळा झाला होता.

याकोब ज्या दोराने उतरला होता तो दगडांखाली गाडला गेला होता. उरला होता हा एकच. शांतवनने तो आपल्या अंगावरून सोडून याकोबला बांधला. याकोब फटीतून सरकत वर गेला, आणि खाली अंधारात, चढत्या पाण्यात, शांतवन एकटा राहिला. त्याला एकही सुंदर वाक्य आठवलं नाही. दात वाजत होते आणि तो नुसता "देवा, देवा" म्हणत होता. दोर परत येईपर्यंत तो तेवढंच म्हणत राहिला.

मोडलेल्या पायानिशी पण जिवंत याकोबला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी गुरुशिष्य ओसरीवर बसले. शांतवनने विचारलं, "पाळकबाबा, चार माणसांत माझी प्रार्थना का तोडलीत?"

"तू तिच्यात लपला होतास म्हणून," पाळक म्हणाले. "घाबरलेला माणूस कुठेतरी लपणारच, त्याचं मला नवल नाही. पण तू प्रार्थनेच्याच आडोशाला गेलास, तिथे तुला हाक मारायची कोणाची छाती होती? अरे, ज्याला बळ हवं त्याने रिकामं भांडं पुढे करायचं असतं. तुझं भांडं शब्दांनी काठोकाठ भरलेलं; देव त्यात घालणार कुठे? प्रभूनेसुद्धा क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत, आपल्याला हे नको आहे, असं बापाला सरळ सांगितलं. मग उठला आणि सामोरा गेला."

"पण भीती गेली नाही, पाळकबाबा. शेवटपर्यंत गेली नाही."

"मग खाली कोण उतरलं?"

शांतवन म्हणाला, "मीच. भीतीसकट."

"मग बळ आणखी कशाला म्हणतात?"

तेव्हा कुठे शांतवनचं लक्ष पाळकांच्या मांडीवर उताण्या ठेवलेल्या हातांकडे गेलं. दोराने दोन्ही तळव्यांची कातडी सोलून निघाली होती. त्याने हळूच विचारलं, "मी खाली असताना तुम्ही काय मागत होता?"

वृद्ध पाळक जरा संकोचले. "फार काही नाही रे. म्हटलं, देवा, माझे हात म्हातारे झालेत."

शांतवन उठला, आतून खोबरेल तेलाची वाटी घेऊन आला आणि ते हात आपल्या हातांत घेऊन काही न बोलता तेल लावत बसला.