पानाच्या घराची सजावट

सागाचे जंगल जिथे विरळ होत जाते, तिथल्या एका कोवळ्या रोपावर शिंपी पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. शिंपिणीने दोन पानांच्या कडा चोचीने टोचल्या, त्यांतून कापसाचा धागा ओवला आणि झोळीसारखे घर शिवले. दुरून पाहणाऱ्याला ती नुसती दोन पाने वाटत, आणि यातच त्या घराची सारी सुरक्षितता होती. आत तीन अंडी घालून ती उबवायला बसली. शिंप्याला काही काम उरले नाही. आणि मुलांनो, काम नसलेल्या गृहस्थाला घरात सुधारणा सुचू लागतात.

दुपारी तो समोरच्या फांदीवर डोळे अर्धे मिटून बसे. ऊन पानांतून झिरपून खाली येई, वाऱ्याने घर हळूच झुले, आणि त्याला दिसे की दाराशी लाल गुंजा चमकत आहेत, कडांना गुलाबी झालर आहे, खाली बाग आहे. डोळे उघडले की तो कामाला लागे. गुंजा त्याने डिंकाने चिकटवल्या, तेरड्याच्या पाकळ्या कोळ्याच्या जाळ्याने कडेला बांधल्या. रोपाखाली शेवाळाचे गोल अंगण केले आणि भोवती गोगलगाईंचे पांढरे शंख मांडले. एक शंख तीनदा हलवला, कारण तो रांगेत बसत नव्हता.

"अहो, आता हे पान पानासारखं दिसत नाही," शिंपीण आतून म्हणाली.

"मग घरासारखं दिसायला नको का?" शिंपी म्हणाला आणि पुन्हा झालर नीट करू लागला.

खार येऊन कौतुक करून गेली. होल्याने तर आपल्या बायकोला मुद्दाम आणून दाखवले. होल्याचे स्वतःचे घर म्हणजे चार काटक्या, त्यामुळे त्याचे मत फारसे धरायला नको. पण शिंप्याने धरले. त्या दिवशी त्याला स्वप्नात सगळे जंगल रांगेत उभे दिसले.

एके सकाळी शिंपीण किडे टिपायला गेली होती, तेव्हा झुडपांतून सावकाश पावले टाकत भारद्वाज आला. याचे दर्शन शुभ असते असे माणसे म्हणतात. माणसांना अंडी घालावी लागत नाहीत. बागेपुढे थांबून त्याने तांबड्या डोळ्यांनी सारे न्याहाळले.

"इतकी वर्षं मी या वाटेनं जातो," तो आदराने म्हणाला, "पण इथं कुणाचं घर आहे, हे आज कळलं. आतही असंच सुंदर असेल?"

शिंप्याचे मन भरून आले. इतक्या मोठ्या पाहुण्याने आजवर विचारपूस केली नव्हती. "आत कापसाची गादी आहे," तो म्हणाला, "आणि तीन अंडी. या ना, पाहा."

भारद्वाजाने पाहिले. शिंपी ओरडला, त्याच्या डोक्यावर झडप घालत राहिला. पण अंगठ्याएवढ्या पक्ष्याच्या चोचीने भारद्वाजाचे पीसही हलले नाही. चोच पुसून तो निघाला. जाताना एकही शंख त्याने तुडवला नाही.

शिंपीण परतली. रिकाम्या गादीकडे तिने बराच वेळ पाहिले आणि एका शब्दानेही नवऱ्याला दोष दिला नाही. तिने दोष दिला असता तर त्याला बरे वाटले असते. दुसऱ्या दिवशी तिने पलीकडच्या झुडपात दोन साधी पाने निवडली. या वेळी शिंपी बाजूला बसला नाही. तो धागा आणून देत होता.

महिन्याभराने खार भेटली. इतके सजवलेले घर सोडून कुठे राहायला गेलात, असे तिने विचारले. तिच्या शेपटीपासून वीतभर अंतरावर दोन पानांत तीन पिल्ले श्वास रोखून बसली होती.

"इथंच कुठंतरी," शिंपी म्हणाला, आणि आभाळाकडे पाहत राहिला.

तात्पर्य : घर पाहणाऱ्यांसाठी सजवू नये, आत राहणाऱ्यांना जे सुखरूप ठेवते, तीच घराची खरी शोभा.