लाकडाची खुंटी

फार वर्षांपूर्वी, नदीकाठच्या एका गावात दोघे भाऊ गुऱ्हाळ चालवायचे. धाकटा चरकात ऊस घाली, थोरला काहिलीपाशी उभा राहून रस आटवून गूळ करी.

चरक गावातल्या म्हाताऱ्या लोहारानं बनवला होता. त्याचं मोठं दातेरी चाक आसाला एका लाकडी खुंटीनं अडकवलेलं होतं. उसाबरोबर एखादा दगड आत गेला, की खुंटी कटकन मोडे आणि चरक थांबे. मग दगड काढायचा, नवी खुंटी ठोकायची, की पुन्हा काम सुरू. तोवर थोरल्याचा जीव खालीवर होई, कारण रस ताटकळला की आंबतो.

एकदा एकाच सकाळी तीनदा खुंटी मोडली. थोरल्यानं चिडून लोखंडाचा जाड खिळा आणला आणि खुंटीच्या जागी ठोकला.

"दादा, आधी लोहारबाबांना विचारू या का?"

"त्यात काय विचारायचं? आता बघ, मोडतोय का!"

खिळा मोडला नाही. चरक दिवसभर अखंड चालला.

दोन दिवसांनी ही गोष्ट ऐकून लोहार स्वतःच आला. "अरे, त्या खुंटीचं जरा ऐकून घे..."

"बाबा, काहील उकळतेय. हंगाम उरकला की बोलू."

लोहार तसाच निघून गेला.

पुढच्याच आठवड्यात मोळीत अडकलेलं कोयत्याचं तुटकं पातं चरकात गेलं. खिळा हलला नाही. चाकाचाच दात तुटला आणि तो तुकडा उडून धाकट्याच्या डाव्या डोळ्यात घुसला.

डोळा गेला.

लोहार भेटायला आला तेव्हा थोरला रडत ओरडला, "बाबा, तुमचं चाक कच्चं निघालं!"

"चाक पक्कं होतं, पोरा. खुंटी कच्ची होती, आणि ती मी मुद्दाम कच्ची ठेवली होती. काही अडकलं तर तिनं मोडावं, चाक वाचावं, म्हणून."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीत?"

"तू थांबला नाहीस. पण मीही तसाच परत गेलो. हाताला धरून बसवायला हवं होतं तुला."



धाकट्यानं भावाला कधी बोल लावला नाही. पण डावीकडून कोणी आलं की तो दचके. म्हणून थोरला त्याच्याकडे जाताना, जन्मभर, वळसा घालून उजवीकडून गेला.

तात्पर्य: जे पुन्हा पुन्हा मोडून आपल्याला थांबवतं, त्याला दुबळं म्हणण्याआधी ते कशासाठी थांबवतंय, हे विचारून घ्यावं.