गोजराच्या गाडग्यातला बट्टा

नागशेट सराफाचा पंजा फावड्याएवढा होता आणि सोनखाडीच्या लोकांना तो फार महागात पडे.

खुर्दा, म्हणजे तांब्याची सुटी नाणी, घेऊन बंदे रुपये देण्याचा हक्क राज्यात एकट्या नागशेटचा. महाराजांच्या आजोबांनी नियमच तसा घालून दिला होता. कोणी नाण्यांचं भांडं आणलं, की सराफानं त्यात एकदा हात घालावा आणि मुठीत येईल तो आपला बट्टा समजावा. मग उरलेलं मोजून रुपये द्यावेत. आजोबांच्या वेळचा सराफ किडकिडीत म्हातारा होता, त्याच्या मुठीत पैसे मावायचेच किती! नागशेट मात्र बाही कोपरापर्यंत सारून हात घाली आणि भांड्याचा तळ खरवडून काढी.

गोजरा खाडीवर होडी चालवून माणसं पार करायची. होडी भाड्याची होती. मालक थकला तेव्हा त्यानं ती विकायला काढली आणि आधी गोजरालाच विचारलं. पण त्याला निघायचं होतं काशीला. एवढ्या लांब तांब्याचं ओझं कोण वाहील? बंदे रुपये असतील तर येत्या बाजारापर्यंत आण, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं त्यानं सांगितलं.

नवरा गेल्यापासून गोजरा रोजच्या कमाईतला एखादा पैसा गाडग्यात टाकत आली होती. आता ते गळ्यापर्यंत भरलं होतं. होडीपुरते पैसे बरोबर होते, पण नागशेटच्या मुठीपुरते जास्तीचे नव्हते.

ती दरबारात गेली. सगळी हकिगत सांगून तिनं विनवलं, की महाराज, मूठ काढून टाका आणि ठरावीक बट्टा लावा. दरबारी मनातून खूश झाले, कारण त्यांचीही भांडी नागशेटनं खरवडली होती. पण महाराज भैरवसिंह हट्टासाठी प्रसिद्ध होते. एकदा त्यांनी भर पावसाळ्यात पतंगाचा सण करायला लावला होता, कारण तारीख त्यांच्या तोंडून निघून गेली होती.

"आजोबांच्या शब्दातलं अक्षर बदलणार नाही," महाराज म्हणाले. "तू होडीवाली आहेस ना? मग या नियमातून पार होऊन दाखव. नियम जसाच्या तसा पाळायचा आणि तुझा एकही पैसा कमी होता कामा नये. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर राजवाड्याची माणसं जन्मभर फुकट पार करायची."

गोजरानं एवढंच विचारलं, की मुठीत येईल ते सराफाचं, हे नक्की ना? महाराजांनी मान डोलावली.

बाजाराच्या दिवशी नागशेटच्या पेढीवर ही गर्दी लोटली. मजा बघायला खुद्द महाराज येऊन बसले. गोजरा भरतीचं पाणी उतरल्यावर खाडीत एक चक्कर मारून आली होती. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. कडेवरच्या गाडग्याच्या तोंडावर ओलं फडकं बांधलेलं होतं. तिनं गाडगं नागशेटसमोर ठेवलं, फडक्याची गाठ सोडली आणि नम्रपणे बाजूला झाली.

नागशेटनं बाही सारली. महाराजांकडे बघून हसला आणि हात आत घातला.

पुढच्याच क्षणी त्याच्या तोंडून जी किंकाळी निघाली, ती पैलतीरावर ऐकू गेली म्हणतात. हात बाहेर आला तेव्हा पाचही बोटं फाकलेली होती आणि मधल्या बोटाला तळहाताएवढा काळा खेकडा लोंबकळत होता. नागशेट हात झटकत पेढीभर नाचला. शेवटी खेकडाच कंटाळला आणि सुटून गादीखाली गेला.

"लबाडी आहे ही, महाराज!" बोट तोंडात घालून नागशेट ओरडला. पैशांच्या भांड्यात खेकडा कसा, असं म्हणत त्यानं परत एकदा हात घालायची परवानगी मागितली. दुसऱ्या हातानं.

"एकदाच हात घालावा, असा नियम आहे शेट," गोजरा म्हणाली. "तुमच्या हाताला खेकडा आला, तो तुमचा. मी काही परत मागत नाही."

लोक तोंडाला पदर नि उपरणी लावून हसू दाबत होते. महाराजांनी मात्र चेहरा कठोर केला. माझ्या सराफाला इजा झाली, त्याचं काय, असं त्यांनी विचारलं.

गोजरानं हात जोडले. "महाराज, शेटनी गाडग्यात हात घातला आणि बट्टा घेतला. खेकड्याच्या पुढ्यात शेटचा हात आला, त्यानंही बट्टा घेतला. आता तो मुका जीव. त्याला वाटलं असेल, इथली रीतच अशी आहे."

महाराज हसले ते इतके, की पागोटं ओघळून मांडीवर आलं. तेच हातात धरून त्यांनी गोजराचा सगळा खुर्दा आपल्यासमोर मोजायला लावला आणि बंदे रुपये तिच्या ओटीत घातले. मग म्हणाले, की आता माग काय मागायचं ते. फक्त आजोबांचा नियम बदल म्हणू नकोस.

"नियम राहू द्या की," गोजरा म्हणाली. "भांड्यात पैशांबरोबर आणखी काय ठेवायचं, तेवढं भांडं आणणाऱ्यावर सोडा."

महाराज पुन्हा असे हसले, की पागोटं सावरायचा नादच त्यांनी सोडला. तिथल्या तिथे तसा हुकूम झाला आणि वर गोजराला जरीकाठी लुगडंही मिळालं.

ती रुपये घेऊन धक्क्याकडे निघाली, तेव्हा पेढीपुढे तिच्यामागे उभ्या असलेल्या तेलिणीनं आपला हंडा पुढे सरकवला. नागशेट हंड्याकडे बघत राहिला. आत काय आहे, असं त्यानं हळूच विचारलं.

"घाला की हात," तेलीण म्हणाली.

नागशेटनं दोन्ही हात मागे घेतले आणि म्हणाला, "तूच दे बाई, काय द्यायचं ते."