ठोकळ्याची जागा

हत्यारं बोलायची तेव्हाची गोष्ट. माणसांपेक्षा जास्तच बोलायची मेली. गेनबा सुताराने घरामागची कामाची खोली नव्याने बांधली आणि हत्यारांना म्हणाला, “आपापली जागा ठरवा. उद्या खिळे ठोकतो.”

झालं, भांडण पेटलं. करवतीला छताजवळची जागा हवी, रंध्याला तिच्याही वर. खाली राहायला कोणी तयार नाही. दारात टाकलेल्या जुन्या ठोकळ्याने विचारलं, “अरे, पण मालक बसतो कुठे?”

“तू गप रे,” हातोडी खेकसली. “मालकीण तुला चुलीत घालणार आहे.”

ते खरंच होतं.

सकाळी गेनबाने सगळ्यांना मागितलं तिथे उंच टांगलं. मग सवयीने जमिनीवर बसला, फळी पायाने दाबली आणि हात लांब केला. हाताला नुसती भिंत लागली. करवतीसाठी उठला, रंध्यासाठी पुन्हा उठला, हातोडीसाठी उठताना गुडघा धरून ओरडला, “मी सुतार आहे का माकड?”

तेवढ्यात त्याची बायको राहीबाई कुऱ्हाड घेऊन ठोकळ्याकडे निघाली.

“अगं ए, ठेव ती! फळी काय तुझ्या डोक्यावर टेकवू? आण तो इकडे.”

ठोकळा गेनबाच्या पुढ्यात आला. गेनबाने बसल्या बसल्या हात फिरवला आणि हात पोचला तिथेच नवे खिळे ठोकून हत्यारं टांगली.

कुऱ्हाड परत गेली तसा ठोकळ्याचा जीव भांड्यात पडला. शेजारी करवत कुरकुरली, “फार खाली आले गं बाई मी!”

ठोकळा म्हणाला, “हाताशी आलीस.”